अठ्ठावन्न अंशांची हवा

"एक चोपन्न," हेल्मेट काढता काढता डॉक्टर म्हणाली आणि तिनं घड्याळ कानसेनच्या नाकासमोर धरलं. "बघा, काका. एक मिनिट चोपन्न सेकंद."

कानसेन हसला. काहीतरी भलतंच होतं हे.

"शक्यच नाही. मी ऐकली ना गाडी. समोरच्या सरळ पट्ट्यावर काय गर्जत गेली! पन्नासच्या आत आली असणार. बटण दाबायला उशीर झाला असेल तुम्हाला."

"तीन फेऱ्या मारल्या. तिन्ही वेळा उशीर? काका, मी रोज लोकांच्या दाढेत सुई सोडते. माझा अंगठा चुकत नाही."

"आणि माझ्याकडे आणायच्या आधी किती होतं?"

"एक बावन्न."

ती दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांचे जबडे बघायचे आणि रविवारी आपली बुटकी पिवळी दोन सीटची गाडी घेऊन गावाबाहेरच्या ट्रॅकवर यायचं, हा तिचा एकमेव शौक. चौथ्या फेरीला तापमानाचा काटा लाल पट्टीत जातो, म्हणून ती गाडी कानसेनकडे घेऊन आली होती. कानसेननं काम मन लावून केलं होतं. जाड रेडिएटर बसवला, दोन पंखे लावले, पुढच्या जाळीचं तोंड मोठं केलं. आणि गाडी उघडलीच आहे तर म्हणून, न सांगता, हवेचा डबा काढून तिथे उघडा फिल्टर बसवला.

"काटा?" त्यानं विचारलं.

"काटा मधोमध. जागचा हलत नाही. त्याचे शंभरपैकी शंभर तुम्हाला."

"मग झालं तर."

"काय झालं? पाणी थंड, आवाज वाघासारखा आणि गाडी गोगलगाय. माझे दोन सेकंद कुठे गेले, काका?"

तीस वर्षांत कानसेनला गिऱ्हाइकांनी पुष्कळ काही विचारलं होतं. कधी होईल, का झालं नाही, असा आवाज का येतो. काय कमी झालं, हे कुणी विचारलं नव्हतं. तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला, टायरला उगाच लाथ मारून बघितली आणि म्हणाला, "ठेवून जा."

"पुढच्या रविवारी स्पर्धा आहे," ती म्हणाली. "शनिवारपर्यंत वाट बघते."

कान

गॅरेज दोघा भावांचं. धाकटा काउंटरवर बसून बोलायचा, थोरला बॉनेटखाली वाकून ऐकायचा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग कुठला वॉल्व्ह वाजतोय, कुठलं बेअरिंग रडतंय, हे तो घरच्या माणसाचा खोकला ओळखावा तसं सांगायचा. म्हणून तो कानसेन. खरं नाव बायकोलासुद्धा फक्त अर्ज भरताना आठवायचं.

तर डबा. कंपनीतून येणाऱ्या गाडीत इंजिनाची हवा एका काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यातून येते. डब्याला लांब सोंड असते, ती बंपरच्या मागे कुठेतरी खाली जाऊन बाहेरची हवा ओढते. दिसायला ओबडधोबड, आवाज दाबणारी वस्तू. कानसेनला ती पाहिल्याबरोबर कुणी गाडीच्या तोंडावर उशी धरली आहे असं वाटायचं. त्याच्या गॅरेजात कुठलीही पळणारी गाडी आली की पहिला तो डबा निघायचा. त्याजागी शंकूसारखा उघडा फिल्टर. मग ॲक्सिलरेटर दाबला की असा हुंकार यायचा की गिऱ्हाइकाचे खांदे आपोआप ताठ व्हायचे.

"डबा निघाला की गाडीला कंठ फुटतो," धाकटा काउंटरवरून सांगायचा. दारावरच्या पाटीवरही तेच रंगवलं होतं. लोक त्यासाठी लांबून यायचे.

गाडी जोरात पळते की नाही हे कुणी मोजायचं नाही. ऐकू यायचं ना.

सोमवार, मंगळवार आणि बुधवार सकाळ

त्यानं प्लग काढले, पुसले, परत बसवले. पेट्रोलचा दाब बघितला. ब्रेक चिकटत असतील म्हणून चारही चाकं हातानं फिरवली. फिरली. गाडी सुरू करून कान लावला, तर इंजिन असं सुरात की कुणाला वाटावं आताच जेवून उठलंय.

"दादा," धाकटा म्हणाला, "सांगून टाक ना, बाई गाडी बरोबर चालवत नाही म्हणून."

"तीच बाई आधी बावन्नात आणत होती."

"मग वय झालं म्हण."

"आठ दिवसांत?"

"टायर म्हण. टायरला कुणी काही बोलत नाही. टायर म्हटलं की माणूस गप्प बसतो."

कानसेननं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्याला त्रास चुकीचा नव्हता होत. चुका त्यानं केल्या होत्या, निस्तरल्या होत्या. त्रास याचा होता की चूक दिसत नव्हती. पाणी थंड करायचं होतं, केलं. हवा मोकळी करायची होती, केली. दोन्ही कामं बरोबर आणि दोन्ही मिळून चूक, हे कसं? घरी ताटावर बसूनही तो हेच बोटानं टेबलावर काढत होता. एक गोल, एक शंकू, मध्ये रेघ.

बायको बेकरीत भट्टीवर होती. सतरा वर्षं. तिनं थोडा वेळ ती रेघ बघितली.

"काय झालंय?"

"आवाज म्हणतो जोरात. घड्याळ म्हणतं हळू."

"आमच्याकडेही तसंच असतं," ती म्हणाली. "पाव वरून तांबूस झाला की नवखे लोक बाहेर काढतात. आत कच्चा. म्हणून तर तो वायरचा थर्मामीटर. पावाच्या पोटात खुपसायचा आणि वाचायचा. रंगावर जायचं नाही."

कानसेनचं बोट थांबलं.

"तो उद्या देशील?"

"बेकरीचा आहे. माझ्या हातून सुटायचा नाही. मीच येते, दुपारी परत ठेवायचाय."

एकतीस, चव्वेचाळीस, अठ्ठावन्न

"ही गाडी आहे की बूट?" आत बसताना बायको म्हणाली. "पाय घालून बसायचं, मग बाहेर कसं काढतात?"

"थर्मामीटर नीट धर."

"धरलाय. तुम्ही रस्त्याकडे बघा."

आधी तिनं वायर खिडकीबाहेर धरली. एकतीस. मग त्यानं वायरचं टोक बॉनेटच्या फटीतून आत नेऊन फिल्टरच्या तोंडाशी बांधलं आणि निघाले. बायको बसकंडक्टरनं थांबे सांगावेत तशी आकडे सांगत होती.

"अडतीस. चव्वेचाळीस. चव्वेचाळीसच. सत्तेचाळीस."

"जोरात पळवतो, कमी होतं का बघ."

"त्रेचाळीस. चव्वेचाळीस. अहो, समोर सिग्नल आहे."

सिग्नलला गाडी थांबली. पंखे घोंघावायला लागले.

"एक्कावन्न. पंचावन्न. अठ्ठावन्न." ती त्याच्याकडे वळली. "हे कुठे बांधलंय तुम्ही? एवढ्या उष्म्यात माझं यीस्ट मरेल."

"इंजिन जिथून श्वास घेतं तिथे."

"बाहेर एकतीस आहे की."

"हो."

"मग बाहेरून का घेत नाही?"

सिग्नल सुटला, मागच्यानं हॉर्न दिला, मग आणखी एकानं. जाड रेडिएटर पाण्यातली उष्णता उत्तम काढत होता. काढून टाकत कुठे होता? मागे. मागे काय होतं? उघडा फिल्टर. एका हातानं गाडीला थंड केलं आणि तीच उष्णता दुसऱ्या हातानं तिच्या नाकात कोंबली. गरम हवा विरळ असते हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. ते सगळ्यांनाच माहीत असतं. दर तीन अंशांमागे शंभरातला एक घोडा कमी, हे त्यानं कुठेतरी वाचलंही होतं. पण तोंड मोठं केलं की घास मोठा, इतकंच त्यानं धरून ठेवलं होतं. घासात ऐवज किती, हे बघितलं नव्हतं.

परत आल्यावर तो शिडी लावून माळ्यावर चढला. काढलेले डबे तो फेकत नसे. गिऱ्हाईक नको म्हणायचं, त्याचा जीव व्हायचा नाही. प्रत्येकावर रंगानं गाडीचा नंबर. पिवळ्या गाडीचा सगळ्यात वर होता. तो सोंडेसकट बसवला आणि बायकोला घेऊन पुन्हा त्याच रस्त्यानं, त्याच सिग्नलला.

"छत्तीस," ती म्हणाली. आणि मग, "किती शांत झाली."

१ : ५१

शनिवारी डॉक्टरनं तीन फेऱ्या मारल्या. गाडी समोरून गेली तेव्हा नुसता टायरांचा सरसराट ऐकू आला. कानसेनला वाटलं, ही तर भाजी आणायला निघाली.

"एक एक्कावन्न," ती म्हणाली. "तिन्ही वेळा. काय केलंत?"

"होतं ते परत लावलं."

"म्हणजे तुम्हीच बिघडवलं आणि तुम्हीच दुरुस्त केलं?"

"रेडिएटर माझाच आहे," कानसेन म्हणाला. "तो चांगला आहे."

"आवाज गेला हो, काका."

"गेला."

"चालेल," डॉक्टर म्हणाली आणि हेल्मेट घालून पुन्हा गेली.

इथे खरं तर त्याला बरं वाटायला हवं होतं.

जॉब कार्ड

*गाडी:* पिवळी, दोन सीट. *तक्रार:* तापते, नंतर, पळत नाही. *केलेलं काम:* रेडिएटर, पंखे, जाळी. फिल्टर बसवला. फिल्टर काढला. *कारण:*

"कारण काय लिहू?" धाकट्यानं पेन दातात धरून विचारलं.

"डबा काढला होता, हे."

"असं लिहून चालेल का, दादा? दारावरच्या पाटीवर काय लिहिलंय आपल्या?"

"माहीत आहे."

"कुणी तक्रार केली का एवढ्या वर्षांत? एकानं तरी?"

"नाही."

"खूश होऊन गेले ना?"

"गेले."

"मग तुझं काय चाललंय?"

कानसेन माळ्याकडे बघत होता. खालून डब्यांच्या फक्त सोंडा दिसत होत्या. एकीवर एक, एकीत एक, आणि तो उभ्या उभ्या विचार करत होता की ज्या गाड्यांचे हे डबे त्यांतल्या एकीलाही जाड रेडिएटर तर नव्हता, मग त्या सुटल्या का, पण साधा रेडिएटरही मागेच फुंकतो, मग किती अंश, पन्नास, पंचेचाळीस, आणि ते सगळे लोक गाडी घेऊन जाताना काच खाली करून हात हलवायचे ते जोरात जात होते की नुसतं मोठ्यानं जात होते, आणि त्याला जे ऐकू यायचं, डोळे मिटून, छातीत धस्स व्हावं असं, ते नक्की काय होतं, आणि ते जर वेग नव्हतं तर त्याचा कान इतकी वर्षं ऐकत काय होता?

धाकट्यानं कारणाची ओळ रिकामी ठेवून कार्ड फाइलला लावलं.

त्या संध्याकाळी बायको बेकरीतून आली, हातपाय धुतले आणि त्याच्यासमोर बसली. टेबलक्लॉथची घडी सारखी केली.

"भाऊच्या गाडीतही तुम्ही तेच केलं होतं ना?" ती म्हणाली.

तिनं थर्मामीटर पर्समधून काढून टेबलावर ठेवला. या वेळी दुपारी परत द्यायचाय, असं काही म्हणाली नाही.

चार दशांश

तिचा मोठा भाऊ. सव्वीस वर्षांपूर्वी त्याच्याकडे एक निळी, उघड्या टपाची जुनी गाडी होती आणि हात असा होता की बघणाऱ्यानं बघत राहावं. घाटात चढणीची शर्यत होती. एकेक गाडी सोडायची, वर घड्याळ. जो पहिला येईल त्याला एका मोठ्या कंपनीच्या संघात ड्रायव्हर म्हणून घेणार होते. कानसेननं तीन आठवडे खपून गाडी तयार केली होती. ती त्याच्या हातची पहिली पळणारी गाडी. पहिला डबा.

भाऊ दुसरा आला. चार दशांश सेकंदांनी.

पहिला आलेला संघात गेला. भाऊनं मोटार ड्रायव्हिंग स्कूल काढलं आणि सव्वीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून लोकांना क्लच सोडायला शिकवलं. चारचौघांत कानसेनच्या पाठीवर हात ठेवून तो सांगायचा, "आमच्या जावईबापूंनी गाडी अशी केली होती म्हणून दुसरा तरी आलो. नाहीतर शेवटून मोजावं लागलं असतं."

रविवारी सकाळी कानसेन गेला तेव्हा भाऊ शेडमध्ये निळ्या गाडीचे आरसे पुसत होता.

"या, जावईबापू! आज एकटेच? बहिणीनं घराबाहेर काढलं का?"

"मेव्हणे, जरा गाडी सुरू करा."

"चहा तरी घ्या आधी."

"नंतर."

भाऊनं त्याच्याकडे बघितलं आणि चावी फिरवली. तोच आवाज. कानसेनच्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांनी, सगळं कळूनही आला. त्यानं बॉनेट उघडलं, फिल्टरच्या तोंडाशी वायर बांधली, बॉनेट लावलं.

"हे काय?"

"पाव भाजला का बघतोय."

भाऊ हसला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कानसेन एकटाच आकडा बघत होता.

"त्या दिवशी तुमचा नंबर यायला किती वेळ लागला होता?" त्यानं विचारलं.

"घाटात? लई वेळ. पाऊण तास रांगेत होतो. तुम्हीच म्हणालात ना, इंजिन बंद करू नका, गरम राहू दे. मी तसंच ठेवलं."

कानसेनला हे आठवत नव्हतं. ऐकल्यावर आठवलं.

"पंचावन्न," तो म्हणाला आणि थर्मामीटर भाऊच्या हातात दिला. मग त्यानं सांगितलं. डॉक्टरची गाडी, दोन सेकंद, रेडिएटरच्या मागची हवा, डबा, छत्तीस. मध्ये मध्ये त्याचं वाक्य अडकत होतं, तो मागे जाऊन पुन्हा धरत होता. शर्यतीबद्दल काही बोलला नाही. ते बोलायची गरज नव्हती. भाऊनं आत हात घालून गाडी बंद केली.

"म्हणजे डबा असता तर..."

"चार दशांश तर पहिल्या वळणापर्यंतच निघाले असते."

"नक्की?"

"आता मला नक्की काय कळतं, तेच कळत नाहीये. पण आकडा तुमच्या हातात आहे."

भाऊ आकड्याकडे बघत राहिला. तो खाली उतरत होता. चोपन्न, त्रेपन्न.

"हे मला कशाला सांगितलंत, जावईबापू?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. येताना सगळ्या रस्त्यानं कानसेन हाच प्रश्न स्वतःला विचारत आला होता आणि भाऊच्या घरापाशी येईपर्यंत उत्तर मिळेल असं त्याला वाटलं होतं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"मी मजेत होतो हो."

"हो."

"दुसरा आलो म्हणून सांगत होतो लोकांना."

"हो."

पलीकडे कुणीतरी पायपानं अंगण धूत होतं. कानसेननं बाहेर ठेवलेली पिशवी आत आणली आणि तिच्यातून निळ्या गाडीचा डबा काढला. आदल्या दिवशी साबणाच्या पाण्यानं घासून त्यानं तो नवा केला होता. नंबर तेवढा पुसला नव्हता. भाऊनं डबा हातात घेतला, उलटा केला, सोंडेत डोळा लावून बघितलं. पलीकडून उजेड दिसत असावा.

"एवढंच?"

"एवढंच. अर्ध्या तासाचं काम आहे. लावतो."

"राहू द्या."

भाऊनं शेडचं दार पूर्ण उघडलं. तो आत बसला. डबा त्यानं शेजारच्या सीटवर ठेवला, सोंड नीट खाली वळवली आणि वाकून सीटचा पट्टा ओढून त्याला लावला. खट् असा आवाज झाला. मग त्यानं स्वतःचा लावला.

"कुठे निघालात, मेव्हणे?"

"घाटाकडे."

गाडी कानसेनच्या बाजूनं बाहेर पडली. तो रस्त्यापर्यंत मागे गेला. सुट्टीचा दिवस, रस्ता रिकामा. गाडी कोपऱ्यावर वळली, मग दिसेनाशी झाली, मग नुसती ऐकू यायला लागली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा, गळा भरून, दुतर्फा भिंतींवर आपटत. कानसेननं डोळे मिटले. मेव्हणा जोरात चालला होता की सावकाश, हे त्यानं ऐकायचा प्रयत्न केला. नाही आलं ऐकू. नुसताच आवाज येत होता, छान होता, आणि लांब जात होता.

तो गेल्यावर कानसेनच्या लक्षात आलं की त्याची उजवी मूठ मिटलेली आहे. आत डब्याच्या चार क्लिपा होत्या. त्यांच्याशिवाय डबा बसत नाही.

तो शेडच्या दाराशी स्टूल ओढून बसला.